पहिल्या नवऱ्याचं काय करायचं?

भांडण लागलं ते पहिल्या नवऱ्यावरून. आत्याच्या नव्हे, कथेतल्या. एका दिवाळी अंकातली कथा होती. बावन्न वर्षांची विधवा, समोरच्या इमारतीत राहायला आलेला निवृत्त कर्नल, सकाळचं फिरणं, थर्मासमधला आल्याचा चहा, आणि बाराव्या पानावर दोघांचं जमतं. आत्यानं ती दोनदा वाचली होती. माझ्या धाकट्या बहिणीनं एकदाच वाचली आणि अंक उशीवर आपटला.

दोघींची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर कोण काय का म्हणतंय ते कळायचं नाही. आत्याचं निम्मं आयुष्य साताऱ्याकडच्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे गेलं. काका टपालखात्यात होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटी पुण्यात वकिली करते, तीही कौटुंबिक न्यायालयात, त्यामुळे लग्न म्हटलं की तिला आधी कागद दिसतात. मी दोघींच्या मध्ये शेंगा सोलत बसले होते. आठवलं तसं लिहिलंय. थोडं कापलंय, कारण दोघी एकाच वेळी बोलतात.

धाकटी : मला सांग, हिचा पहिला नवरा कसा होता?

आत्या : गेलाय तो. कथा सुरू व्हायच्या आधीच.

धाकटी : तेच म्हणतेय मी. पहिल्या परिच्छेदात अपघातात गेला. काय करायचा, कशावरून चिडायचा, घोरायचा का, काही नाही. भिंतीवर फोटो, फोटोला चंदनाचा हार, खेळ खलास. बावीस वर्षं संसार केला म्हणे. त्यातली एक तरी गोष्ट तिला आठवू नये? या गोष्टी लिहिणाऱ्यांनी पहिल्या नवऱ्याची विल्हेवाट लावायच्या ठरावीक रीती करून ठेवल्यात. एक तर तो दारूडा, मारकुटा. म्हणजे दुसरा आला की आपण टाळ्या पिटायच्या. नाहीतर देवमाणूस; मरताना "तू पुन्हा लग्न कर" असं सांगून जातो, ना हरकत दाखला देऊनच. आणि तिसरा हा, फोटोतला.

आत्या : बारा पानांत दोन नवरे मावत नाहीत, वकीलसाहेब. आणि वाचणारी बाई पहिल्या नवऱ्याची चौकशी करायला अंक उघडत नाही. तो तिच्या घरात तरी असतो, नाहीतर भिंतीवर. त्याची सगळी माहिती तिला आहे.

धाकटी : मग कशासाठी उघडते?

आत्या : सांगते. आमच्या वाचनालयातली कुठलीही जुनी कादंबरी घे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, कुणाचीही, आणि सुरुवातीची पानं उलटून बघ. कडेला पेन्सिलीनं बारीक फुली, टिंब, त्रिकोण, कुणाचं आद्याक्षर. ज्या त्या बाईची खूण. हे आपलं वाचून झालंय, पुन्हा नेऊ नये, म्हणून. मी पहिल्यांदा खोडरबर घेऊन ते खोडत बसायची. मग बघितलं तर काही पुस्तकांत एकाच बाईच्या तीन-तीन फुल्या. म्हणजे वाचलंय हे ठाऊक असून पुन्हा नेलंय. तेव्हापासून खोडायचं सोडलं आणि फुल्याच वाचायला लागले. परत परत कुठलं पुस्तक जातं? ज्यात कुणीतरी बाईला विचारतं. "तुला काय वाटतं?" एवढंच. तेवढ्या एका पानासाठी अख्खी कादंबरी पुन्हा घरी न्यायची.

धाकटी : ते विचारायला कर्नल कशाला हवा? मुलगा-सून विचारतात की.

आत्या : विचारतात ना. "आई, तुला काय हवंय ते सांग, ऑनलाइन मागवून टाकतो."

(मी हसले. धाकटीनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चहा टाकायला गेले. परत आले तोवर गाडी एकोणिसाव्या शतकात पोचली होती.)

धाकटी : ...आणि मराठीत हे सगळं परवाचं आहे. मालिकांनी आणलेलं. २०१९ साली 'अग्गंबाई सासूबाई' आली, सुनेनं पुढाकार घेऊन सासूचं लग्न लावलं. मग २०२२ साली 'तू तेव्हा तशी', कॉलेजातलं राहून गेलेलं प्रेम चाळिशीत. त्याच्या आधी काय होतं आपल्याकडे?

आत्या : काहीतरीच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती कशावर आहे? बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा, कादंबरी त्याच्या पाठोपाठ पुढच्याच वर्षी. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते, विधवांचे हाल बघते, पुढं स्वतःच विधवा होते, आणि शेवटी दुसरं लग्न करते.

धाकटी : ख्रिस्ती होऊन.

आत्या : हो, ख्रिस्ती होऊन. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले, तो प्रचार पानापानावर आहे. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर बघ. तिचा पहिला नवरा विनायक. तो कसा आहे? चांगला आहे! बायकोला बरोबर घेऊन फिरतो, तिच्याशी बोलतो. चांगला पहिला नवरा आणि तरीही दुसरं लग्न, हे दोन्ही आपल्या पहिल्याच कादंबरीत आहे. आजचे दिवाळी अंकवाले त्याच्याही मागे गेले, त्याला पदमनजी काय करणार?

धाकटी : पण यमुना तरुण होती. कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा ते पस्तिशीचे, त्या तिशीच्या आतल्या. तेवढ्यावरून मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. सुधारकांनी तरुण विधवांसाठी जिवाचं रान केलं, मान्य. चाळिशीनंतरच्या बाईला काय दिलं? कीर्तन.

आत्या : ते मात्र खरं. आणि चाळिशीनंतरच्या पुरुषाला काय दिलं माहितीये? भुजंगनाथ. देवलांचं 'शारदा' रंगभूमीवर आलं १८९९ साली. पोरीसोरी म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधत होते, त्याच्यावर तसा आसूड ओढायलाच हवा होता. पण प्रेक्षक काय शिकला? वय झालेला माणूस लग्नाचं नाव काढतो म्हणजे चळलाय. मग बरोबरीच्या वयाची विधवा आणि विधुर जरी बागेत बाकावर बसले, तरी लोकांना त्यात भुजंगनाथच दिसायला लागला. साठीचा माणूस जरा नवा शर्ट घालून निघाला की लगेच, "काय, म्हातारचळ लागला काय?" आमच्या वाचनालयात एक निवृत्त मास्तर होते. चांगले गंभीर वाचक. कादंबरी न्यायची असली की वर एक ज्ञानेश्वरीवरचं पुस्तक ठेवायचे. मी दोन्हींची नोंद करायची आणि ते वरचं न उघडलेलं परत यायचं.

(इथं मला आत्याचं पटतं, पण पूर्ण नाही. 'शारदा'नं हसायला शिकवलं हे खरं असलं, तरी ते हसू लोकांना सोयीचं होतं म्हणून टिकलं. मुलांना सोयीचं, भावकीला सोयीचं. पन्नाशीतल्या आईबापाकडे गंभीरपणे बघायचं म्हटलं की घराच्या वाटण्या नव्यानं कराव्या लागतात. हे मी बोलले नाही, कारण धाकटी तिथंच येऊन पोचली.)

धाकटी : हसण्याचं सोड. पैशाचं बोलू. तुझ्या या बाईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतंय. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत होता असं लेखिकाच तिसऱ्या पानावर लिहिते. कर्नलशी लग्न केलं की ते बंद. मूलबाळ नसतं तर उत्पन्नाच्या अटीवर चालू राहिलं असतं. हिला तर मुलगा आहे. म्हणजे दर महिन्याला स्वतःच्या खात्यावर येणारा पैसा सोडून ही बाई कर्नलच्या स्वयंपाकघरात जाणार. त्याबद्दल एक ओळ नाही! चहात आलं किती घातलं ते आहे.

आत्या : मला मिळतं ते तेच ना?

धाकटी : हो. म्हणजे, मी तुझ्याबद्दल...

आत्या : माझ्याकडे बघून वाक्यं गिळू नकोस. मला ठाऊक आहे सगळं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते ना, तेव्हा त्या कागदात तेही लिहून द्यावं लागतं, की मी पुन्हा लग्न केलेलं नाही. खाली सही. खिडकीतला मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा. तो बिचारा वर न बघता विचारतो, "आजी, लग्न नाही ना केलं?" मी म्हणते, "यंदा नाही रे." तो एकदा हसला, एकदा नुसता शिक्का मारला. तुमच्या एकाही कथालेखिकेला ती खिडकी अजून दिसलेली नाही, हे मात्र तुझं बरोबर.

धाकटी : बघ! ही खरी कथा. १८५६च्या कायद्यानं लग्नाला परवानगी दिली, पण त्याच कायद्यात पुढं म्हटलं होतं, पुन्हा लग्न केलं की मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपला, जणू ती बाईच त्या दिवशी मेली असं धरून. १९५६च्या वारसा कायद्यानं ते बदललं. नवऱ्याकडून वारशानं आलेलं घर आता दुसऱ्या लग्नानं हातचं जात नाही. पण हे कुणाला माहीत असतं? माझ्याकडे येतात त्या बायका पहिला प्रश्न हाच विचारतात. आणि मुलं तो प्रश्न उलटा विचारतात, की आईनं लग्न केलं तर फ्लॅट त्या माणसाकडे जाईल का. प्रेमाबद्दल कुणी बोलत नाही. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते. विशीतली पोरं त्या नोटिशीला आईबापांमुळे घाबरतात, हे लोक पोरांमुळे घाबरतात. पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ निघालं ते काय उगाच?

आत्या : मग काय कथेत सातबारा छापायचा?

धाकटी : छापा की! जेन ऑस्टेननं छापलाच आहे. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी', १८११. सुरुवातच इस्टेट कुणाला गेली इथून. बाप मेला, सावत्र भावाला सगळं मिळालं, बायको आणि तिच्या मुलींना थोडक्यावर काढायची वेळ आली. कोण कुणाला आवडतं हे नंतर. पैसा असा सांगून टाकला की प्रेमाला वजन येतं. आणि तुझ्याच विषयाचं त्यात आहे. मेरिअ‍ॅन सतरा वर्षांचीही नाही, आणि ठामपणे सांगते की माणूस आयुष्यात एकदाच प्रेम करतो. दुसऱ्यांदा केलं तर ते प्रेमच नव्हे. शेजारी पस्तीस वर्षांचा गृहस्थ आहे, तो थंडीचं फ्लॅनेलचं जाकीट घालतो. झालं, हिच्या हिशेबी तो संपला. सांधे धरलेला म्हातारा! शेवटी तिचा पहिला प्रेमभंग होतो आणि त्याच फ्लॅनेलवाल्याशी लग्न होतं.

आत्या : नाव काय त्याचं?

धाकटी : कर्नल ब्रँडन.

आत्या : कर्नलच! म्हणजे आमची दिवाळी अंकवाली थेट ऑस्टेनच्या परंपरेतली निघाली.

(धाकटीलाही हसू आवरलं नाही. पाच मिनिटं विषय शेंगांच्या भावावर गेला.)

आत्या : तू सूत्राला नावं ठेवतेस. अगं, सूत्र लपवलेलं कुठाय? मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ सालची. नायिका बहुधा विशी-पंचविशीची, लाजरी. आमच्याकडे एका बदलून आलेल्या अधिकाऱ्याच्या बायकोनं गठ्ठा देणगी दिलेला. त्यातच फुलपाखराचं चिन्ह असलेली काही अमेरिकन पुस्तकं होती. 'सेकंड चान्स अ‍ॅट लव्ह' नावाची मालिका, १९८१ साली सुरू झालेली. नावातच सगळं आलं. घटस्फोट झालेली, नवरा गेलेली, हात पोळलेली. त्या धंद्यातल्या माणसांना तेव्हाच कळलं होतं की वाचणारी बाई नायिकेपेक्षा मोठी झालीये. आपल्याकडे 'मेनका', 'माहेर' निघाले साठीच्या दशकात. त्यांच्या वाचक बायकाही अंकांबरोबरच वयानं वाढल्या. त्यांनी काय आयुष्यभर बाविशीच्याच पोरींची लग्नं वाचायची?

धाकटी : वाचू देत गं. माझं भांडण गोड शेवटाशी आहे.

आत्या : देवघेवीला आलेली बाई पुस्तक हातात धरून खालच्या आवाजात विचारते, "शेवट गोड आहे ना?" कादंबरीत मध्ये काय होतं ते सोसायची तिची तयारी असते, फक्त शेवटाची हमी पाहिजे. मी खोटं कधी सांगितलं नाही. रडका शेवट असला तर सांगायची, "दुपारी वाचा, रात्री नको."

धाकटी : 'ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी'ला काय सांगायचीस?

आत्या : ती चारच दिवसांची? ती मला नाही आवडली.

धाकटी : का? तुझ्या कसोटीला उतरते की. रॉबर्ट वॉलरची कादंबरी १९९२ची, १९९५ साली मेरिल स्ट्रीपनं ती अजरामर केली. आयोवातली शेतकऱ्याची बायको, पंचेचाळिशीची. नवरा-मुलं जत्रेला गेलीत, वासरू दाखवायला. तेवढ्यात फोटोग्राफर येतो, चार दिवस, आणि मग ती जात नाही त्याच्याबरोबर. का जात नाही? कारण पहिला नवरा चांगला आहे. साधा, कामसू, तिला न समजणारा आणि चांगला. माझ्या मते त्या कादंबरीतलं खरं पात्र तोच आहे. तो वाईट असता तर ती गाडीत बसून निघून गेली असती, आणि कादंबरी पन्नासाव्या पानावर संपली असती.

आत्या : म्हणूनच नाही आवडली. चार दिवसांच्या आठवणीवर बाईनं मरेपर्यंत काढायचं आणि आपण म्हणायचं, वा, काय थोर! पुरुषानं लिहिलीय गं ती. बाईनं दाबून टाकलेली इच्छा पुरुषांना फार सुंदर दिसते. त्यापेक्षा गौरी देशपांडे वाच. तिच्या बायका प्रौढ, शिकलेल्या, मुलंबाळं असलेल्या. नवरे सरसकट दुष्ट नाहीत, बरेचसे समजूतदार आहेत. त्या समजूतदारपणानंच तर गोची होते! चांगल्या माणसाला सोडायचं कारण कुणाला सांगायचं? त्या बायका रडतात कमी आणि भांडतात जास्त, त्याही स्वतःशी. 'तेरुओ' मी किती जणींना दिली. निम्म्या जणी परत करताना माझ्याकडे बघायच्या नाहीत, आणि महिन्याभरानं विचारायच्या, "तिचं दुसरं काही आहे का?"

धाकटी : तुझी ती फुलीवाली बाई गौरी देशपांडे नेते?

आत्या : न्यायची. मधल्या वयाची वाचक बाई एकाच कप्प्यातली नसते, बाळा. मंगळवारी कर्नल नेते, शुक्रवारी गौरी.

मला वाटतं, इथं आत्यानं बाजी मारली होती. पण धाकटी हार मानून गप्प बसली तर ती वकील कसली. तिनं मार्केझ काढला.

धाकटी : बरं, उतारवयातल्या प्रेमाची सगळ्यांत गाजलेली कादंबरी घे. 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा', १९८५. एक्कावन्न वर्षं, नऊ महिने, चार दिवस वाट बघणारा फ्लोरेंतिनो. लोक लग्नपत्रिकेत घालतात त्याला. आणि हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर काय करतो? नात्यातली चौदा वर्षांची मुलगी त्याच्याकडे पालक म्हणून सोपवलेली, तिला भोगतो. फर्मिना विधवा झाली की त्या पोरीला बाजूला सारतो आणि ती पोर जीव देते. ही प्रेमकथा? माझ्याकडे आली असती तर मी त्याला पॉक्सोखाली आत घातला असता.

आत्या : घालायलाच हवा. ते मला कधीच पचलं नाही, आणि पुस्तक देताना मी सांगायची. पण त्यासाठी फर्मिनाला का शिक्षा? फर्मिनाकडे बघ. बहात्तर वर्षांची. आणि तुझा लाडका पहिला नवरा बघ त्यात. डॉक्टर उर्बिनो. पोपट पकडायला शिडीवर चढतो आणि पडून मरतो. कॉलऱ्याशी लढलेला एवढा मोठा डॉक्टर, आणि मरण पोपटापायी. तो ना देव, ना राक्षस. बायकोला फसवतोही, तिच्यावर जीवही टाकतो. बाथरूममध्ये साबण होता की नव्हता यावरून दोघं महिनोन् महिने अबोला धरतात. तो मेल्यावर फर्मिनाला तो जिकडेतिकडे भेटत राहतो. दुसरा माणूस आला म्हणून पहिला पुसला जात नाही. तू मघापासून जे मागतेयस ते सगळं तिथं आहे. आणि अंगही आहे. म्हातारं अंग. कवळी, सुरकुत्या, वास. ती त्याला आधीच बजावते की मला म्हातारीचा वास येतो. आमच्या कर्नलवालीला बघ, बावन्न वर्षांची, अन् "अजूनही सुरेख". घाम येऊन रात्री उठत नाही, गुडघा धरत नाही, चष्मा शोधत नाही. बावन्नाव्या वर्षी पाळी जाताना काय काय होतं ते लिहायला काय धाड भरली होती? अंगातून अशी वाफ निघत असताना समोर माणूस चहा घेऊन बसलाय, हे किती मजेशीर लिहिता आलं असतं!

धाकटी : आत्या, आता तूच माझ्यापेक्षा जास्त झोडपतेयस तिला.

आत्या : मी वाचक आहे तिची. मला हक्क आहे. तुला नाही, तू एकदाच वाचलीस.

शेवटचा वाद केंट हारूफच्या पुस्तकावरून झाला, आणि तो मिटलेला नाही. 'अवर सोल्स अ‍ॅट नाइट' हे त्याचं शेवटचं पुस्तक. तो २०१४ मध्ये गेला, पुस्तक २०१५ मध्ये आलं. कोलोरॅडोतलं कल्पनेतलं एक छोटं गाव. अ‍ॅडी ही विधवा शेजारच्या लुईसकडे, तोही विधुर, जाते आणि सरळ विचारते, रात्री माझ्याकडे झोपायला येशील का? बाकी काही नाही. रात्री कंठत नाहीत, अंधारात बोलायला कुणीतरी हवं. लुईस पहिल्या रात्री पायजमा आणि ब्रश कागदी पिशवीत घालून मागच्या बोळातून येतो. अ‍ॅडी म्हणते, पुढच्या दारानं येत जा. पडल्या पडल्या दोघं बोलतात ते मुख्यतः आपापल्या पहिल्या संसाराबद्दल, त्यातल्या चुकांबद्दल, तिच्या अपघातात गेलेल्या लेकीबद्दल. प्रेमकथेत मेलेल्या जोडीदारांना एवढी जागा देणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. पुढं अ‍ॅडीचा मुलगा धमकी देतो, की हे चालू ठेवलंस तर नातू दिसणार नाही. अ‍ॅडी मोडते आणि मुलाजवळ राहायला जाते. शेवटी दोघांचं रात्रीचं फोनवरचं बोलणं तेवढं उरतं.

धाकटी : तिथं मला इतका राग आला! फर्मिनाची मुलगी म्हणाली ना, तुमच्या वयात हे घाणेरडं दिसतं, तर फर्मिनानं तिला घराबाहेर काढलं. अ‍ॅडीनं तेच करायला हवं होतं. तिचं घर, तिचे पैसे. मुलाला नोटीस!

आत्या : आणि नातू?

धाकटी : नातू मोठा होईल, त्याचं त्याला कळेल.

आत्या : तो मोठा होईपर्यंत ती असेल का? तू अजून कुणाची आजी नाहीस म्हणून बोलतेस. मी असते तर मीही गेले असते. आणि त्यात हरले असं मला वाटलं नसतं. फोन आहे ना? काय बोलायचं ते अंधारातच बोलायचं होतं. तू न्यायाचं बोलतेस. मी रात्री किती वाजता झोप उडते त्याचं बोलतेय.

धाकटी : म्हणजे मुलानं धमकी दिली तर ऐकायचं? मघाशी चार दिवसांवर आयुष्य काढणारीला नावं ठेवलीस!

आत्या : ती चूप बसली. ही फोन करते. फरक आहे.

धाकटी : काडीचा फरक नाही.

आत्या : आहे.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग धाकटीनं पेन काढलं, कारण तिला कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय खरी वाटत नाही.

धाकटी : बरं, तू लिहिलीस तर काय लिहिशील? नायिका?

आत्या : अठ्ठावन्न. जाड. नवरा टपालात.

धाकटी : आत्या!

आत्या : टपालात खूप माणसं असतात. चांगला होता. बशीत ओतून चहा प्यायचा, आवाज करून, आणि तिला तो आवाज आयुष्यभर खटकला. आता घरात तो आवाज नाही. दुसरा माणूस कपानं पितो, अगदी निःशब्द, आणि तिला तेही खटकतं. इथून सुरू करीन. लग्न नाही करणार ती. पेन्शन सोडायला ती काय खुळी आहे? तो त्याच्या घरी, ही हिच्या. संध्याकाळी येतो, पुढच्या दारानं.

धाकटी : आणि मुलगा?

आत्या : मुलगा नाशकात. फोनवर गप्प. त्याला आईच्या प्रेमाची नाही, घराची भीती आहे, पण ते त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून ती काय करते, मृत्युपत्र करते. घर मुलालाच. एकदा ते लिहून टाकलं की मग उरलेलं बोलता येतं.

धाकटी : चांगलं आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, पण केलेली बरी. साक्षीदार कोण?

आत्या : एक वाचनालयातली बाई. दुसरा साक्षीदार तो, कपानं पिणारा.

धाकटी : त्याची सही मुलगा बघेल तेव्हा?

आत्या : तेव्हा तो पहिल्यांदा आईला विचारेल, हे कोण? अर्धी कादंबरी तिथून पुढं आहे. तू आधी मला सांग, सही बोटानं टॅबवर करायची असते की अजून शाईची चालते?